हातातून सुटलेला जिताडा

कांदा-खोबरं भाजल्याचा वास आला, की मला तो जिताडा आठवतो. सासूबाई अलिबागहून बदलापूरला आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि मी फुशारकी मारून बसलो होतो, की रविवारी गाइड घेऊन खाडीत जातो, रात्रीचं कालवण माझ्या गळाचं. सकाळभर होडीत उभा राहून पिसांची खोटी माशी फेकताना मी दोनदा गाइडची टोपी पकडली आणि एकदा स्वतःचाच कान. शेवटी काठी कमानीसारखी वाकली आणि चांदीसारखा जिताडा वर आला! फोटो मी लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. ‘वाटण तयार आहे,’ सासूबाईंचं उत्तर आलं. मान वर केली तर गाइड मासा अलगद पाण्यात सोडत होता. ‘अरे, काय केलंस हे?’ ‘सर, आमच्याकडे पकडून सोडायचाच असतो. बुकिंगलाच सांगितलं होतं!’ परतताना वाट वाकडी करून उल्हासनगरच्या बाजारात शिरलो, तर उरला होता फक्त तळ्यातला रोहू. ‘ले जाओ साईं, एकदम ताजा है.’ नेला. सासूबाईंनी मोबाइलमधला फोटो पाहिला, मग ओट्यावरचा मासा पाहिला. ‘जावईबापू, वाटेत ह्याने कपडे बदलले का?’ कालवण मात्र त्यांनी झकास केलं आणि मी निर्लज्जपणे दोनदा भात घेतला. आता मी साधी मेथी आणायला निघालो, तरी त्या फोनवरून बजावतात, ‘घेतलीत की घरी आणा हं. सोडून येऊ नका.’