हसू नका, हलू नका

आमचे भावजी पासपोर्ट फोटोवाले. चिंचोळा गाळा, मागे पांढरा पडदा, पुढे एक स्टूल, आणि तीस वर्षं तोंडात एकच पालुपद: "हसू नका, हलू नका." माझी ताई तीस वर्षं त्यांच्या गिऱ्हाइकांच्या कॉलरी नीट करत राहिली. तिचा स्वतःचा म्हणाल तर धड एक फोटो नाही. "घरचीच आहे, कधीही काढू," हे भावजींचं ठरलेलं उत्तर. मला तेव्हाही राग यायचा.

मग ताईचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की थरथर वाढेल आणि पुढे चेहराही आखडेल. आतून हसू आलं तरी बाहेर दिसणार नाही. आमची ताई हसली की नाक आक्रसतं, डोळे मिटतात, आणि समोरचा कारण नसताना हसायला लागतो. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, हे हसू जायच्या आत माझा एक फोटो काढा."

काढा की! फ्लॅशपुढे थरथर दिसत नाही, हे मला भावजींनीच शिकवलं होतं. गाळ्यात दोन मिनिटांचं काम. पण छे! भावजींच्या डोक्यात खूळ शिरलं. हिचा फोटो पासपोर्टसारखा नको, जगावेगळा हवा. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून काळी काच आणली, रबरबँडने लेन्सवर बसवली. त्या काचेतून फोटो उमटायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात लाटांचं धुकं होतं आणि येणारी-जाणारी माणसं पुसली जातात, स्थिर राहील तेवढंच उमटतं. "अख्खा किनारा रिकामा, आणि मधोमध फक्त तुझी ताई," हे मला सांगताना त्यांनी दोन्ही हातांची चौकट करून ताईवर धरली होती. म्हणून तर मी त्यांना अडवलं नाही. तिथेच चुकलं माझं.

रविवारी आम्ही तिघं समुद्रावर गेलो. गाळ्यातलं स्टूल वाळूत रोवलं. आधी त्यांनी नुसत्या किनाऱ्याचा फोटो घेतला. एवढी गर्दी, आणि कॅमेऱ्यात चिटपाखरू नाही! ते बघून ताई खळखळून हसली.

"आत्ता काढा, आत्ता!" मी ओरडले.

"थांब गं, काच काढली तर सगळंच मुसळ केरात."

ताई स्टुलावर बसली, उजवा हात मांडीखाली दाबून धरला. भावजींनी बटण दाबलं आणि सवयीने बोलून गेले, "हसू नका, हलू नका." बायकोला 'नका'! तिला हसू आवरेना. फोटोत स्टूल स्वच्छ आलं, चपला स्वच्छ आल्या, आणि त्यांच्यावर नुसता धूर.

चौदा वेळा बसवलं तिला. शेवटी शेवटी ती हसत नव्हतीच, तरी थरथरीने धूर यायचाच.

"अहो, एक साधा काढा ना आता."

"पुढच्या रविवारी. जमत आलंय बघ."

पुढच्या रविवारी ढग होते. त्याच्या पुढच्या रविवारी ताई दमली होती. भावजी घरी बसून काचांचे हिशेब करत राहिले, अर्ध्या मिनिटाचे वीस सेकंद, विसाचे दहा. मी दोनदा कडाकडा भांडले. वर्षभरात ताईचा चेहरा आखडत गेला, आणि कुठल्या दिवशी हसू गेलं हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही.

परवा आजारपणाच्या दाखल्यासाठी तिचा फोटो लागला. तेच स्टूल, तोच पांढरा पडदा. कॉलर मी नीट केली. फ्लॅश चमकला. पहिल्याच खेपेला फोटो लख्ख, कुठल्याही कचेरीत चालेल असा. "हसू नका" म्हणायची वेळच आली नाही.

भावजी बराच वेळ तो फोटो बघत राहिले. मग कॅमेरा खाली ठेवून तिच्यापुढे जमिनीवरच बसले.

"एकदा हस ना गं," ते म्हणाले. "माझ्यासाठी. एकदाच."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"हसतेच आहे की मी," ती म्हणाली.