यांगमादिदीचा हट्ट

यांगमा लिंबू बेचाळिसाव्या वर्षी हृदयाची सोनोग्राफी शिकायला निघाली, तेव्हा पूर्व नेपाळातल्या फिदिमच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या आरोग्य चौकीत सगळ्यांनी तिची थट्टाच केली. मीही केली. मी तिथे औषधं द्यायचो, ती बाळंतपणं करायची.

"दिदी, चष्मा लागला तुला, आणि आता काळजात डोकावणार होय?"

तिने धरानच्या मोठ्या इस्पितळात तीन महिने काढले आणि पाटीएवढं यंत्र पिशवीत घालून परत आली.

या हट्टाला कारण होतं. तिची धाकटी बहीण बाळंतपणात दम लागून गेली होती. देवाचा कोप, असं म्हणून लोक मोकळे झाले. पुढे एका डॉक्टरने तिला बोलता बोलता सांगितलं, की लहानपणी घसा धरून ज्या तापात सांधे सुजतात, तो कधी कधी हृदयाची झडप आखडवून जातो. मग बाळंतपणाचा ताण पेलत नाही. बहिणीचे गुडघे आठव्या वर्षी महिनाभर सुजले होते. तेल चोळायला यांगमाच बसायची.

ती परत आल्यावर दोनच महिन्यांनी धनमती नावाची म्हातारी सुनेला घेऊन आली. सून फुंगमा पाच महिन्यांची गरोदर होती.

"कामाचा कंटाळा, दुसरं काय," धनमती म्हणाली. "वेलचीने भरलेला डोको पाठीवर घेतला की दहा पावलांत बसते. आम्ही नवव्या महिन्यात चढण चढायचो."

"आडवं झोपता येतं का गं?" दिदीने फुंगमाला विचारलं.

ती सासूकडे बघत पुटपुटली, "बसूनच झोपते."

दिदीने यंत्र काढलं, तशी म्हातारी मध्ये आली. "त्या किरणांनी बाळाला काही झालं म्हणजे?"

"यात किरण नाहीत, आमा. आवाज आत जातो नि परत येतो, डोंगरात हाक मारल्यासारखा."

"तू काय डॉक्टरीण आहेस?"

"नाही. म्हणून आधी तुम्हीच झोपा. काही झालं तर सुनेला हात लावणार नाही."

धनमती कुरकुरत डाव्या कुशीवर झोपली. छातीवर जेल लावल्यावर "गार आहे मेलं" म्हणाली. मग पडद्यावर दोन पातळ पाकळ्या उघडमीट करताना दिसल्या आणि तिने मान वर केली.

"हे माझंच?"

"तुमचंच. पासष्ट वर्षं थांबलेलं नाही."

मग फुंगमा झोपली. तिच्या पाकळ्या जाड होत्या, टोकांना चिकटलेल्या. मधून जेमतेम फट पडत होती. धनमती पडद्याजवळ वाकली.

"हिचं दार उघडतच नाही गं," ती हळूच म्हणाली.

आमचे प्रमुख मात्र बिथरले. "निदान करणं तुझं काम नाही. बाळंतपण होऊ दे, मग बघू."

"बाळंतपणापर्यंत ती राहणार नाही, सर."

एवढं बोलून दिदी टेकडीवर गेली, कारण फोनला रेंज तिथेच मिळायची. धरानच्या डॉक्टरांना चित्रं पाठवली आणि उत्तर येईपर्यंत चार तास दगडावर बसून राहिली. उत्तर आलं: याच आठवड्यात आणा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती स्वतः दोघींना घेऊन गेली.

तिथे डॉक्टरांनी तपासणी पुन्हा केली. निदान तेच निघालं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली, तिच्या टोकाचा फुगा फुगवून चिकटलेली झडप उघडली. त्याच आठवड्यात फुंगमा उशीवर डोकं टेकून झोपली. चार महिन्यांनी तिला मुलगी झाली.

त्यानंतर दिदीने शाळा धरल्या. दोन वर्षांत अकराशे पोरं तपासली. नऊ जणांच्या झडपा बिघडू लागलेल्या सापडल्या. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून द्यायचं दर महिन्याचं इंजेक्शन आठ घरांनी मान्य केलं. नवव्या घरी मुलीच्या बापाने दार लावून घेतलं. दिदी दर महिन्याला तीन तास चढून तिथे जाऊ लागली. पाचव्या खेपेला त्याने दार उघडलं आणि मुलीला अंगणात आणून बसवलं.