मशीन तर मेजावर होतं!

आमच्याकडे अजूनही देवचाराच्या, म्हणजे गावच्या राखणदाराच्या, वाटेवर कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी बोलते. लग्न होऊन डिचोलीत आले तेव्हापासून सासरचे लोक मला ‘हिका कसलां भय नाय’ म्हणून ओळखतात. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते... म्हणजे इतका माझा त्या विषयात रस! आणि तरी आज मी हे लिहायला बसले आहे, कारण जे घडलं ते भर सकाळी घडलं, चार माणसांसमोर घडलं, आणि माझ्या फोनमध्ये त्याचा व्हिडिओ आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी मूळची सावंतवाडीची. म्हापशात एका डेंटल लॅबमध्ये काम करते — कवळ्या, कॅप्स, ब्रिजेस. बारीक कामाची सवय आणि बारीक हत्यारं, दोन्ही तिथलीच. बऱ्याच वर्षांपूर्वी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक मोडकं कोकूचं घड्याळ मिळालं — दारातून पक्षी बाहेर येऊन ओरडतो ते, लाकडी घराच्या आकाराचं. ते दुरुस्त करता करता नाद लागला. आता असली घड्याळं जमवणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे आणि लोक मला फोटो पाठवून विचारतात — हे किती जुनं?

बाहेरची नक्षी बघून वय सांगता येत नाही. पानं, फुलं, हरणाचं डोकं... ही नक्षी शंभर वर्षांपूर्वी होती तशीच आजही कोरतात. खरं वय सांगतं आतलं मशीन. फार जुन्या मशीनच्या प्लेटी लाकडाच्या असतात. नंतर पितळेच्या आल्या, आधी जाड, मग पातळ. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे शिक्का! मागच्या प्लेटवर ‘वेस्ट जर्मनी’ असं कोरलेलं असलं तर डोळे मिटून सांगावं, हे मशीन दुसऱ्या महायुद्धानंतरचं. कारण त्याआधी वेस्ट जर्मनी नावाचा देशच नव्हता.

या शिक्क्यावरूनच सगळं रामायण झालं.

माझ्या सासूबाई — आम्ही त्यांना आई म्हणतो — मूळच्या पेडण्याच्या. त्यांचे धाकटे भाऊ, दत्तामामा, अजून तिथल्याच घरात राहत होते. त्या घरात एक कोकूचं घड्याळ होतं. कित्येक वर्षं बंद, पण भिंतीवर मानानं टांगलेलं. त्या घड्याळावरून या दोघांचं जे बिनसलं होतं ते त्यांची आई गेल्यापासून. आई म्हणायच्या, घड्याळ आमच्या आईचं, कारापूरच्या आजोबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला लग्नात दिलेलं, आणि ती मला देणार होती. मामा म्हणायचे, छे! वडील बोटीवर कामाला होते, त्यांनी ते परदेशातून आणलं. मी लहान होतो पण त्यांची ट्रंक उघडताना डोळ्यांनी बघितलंय. म्हणून ते वडिलांच्या घरात, म्हणजे मुलाकडे राहणार.

तुम्ही म्हणाल, एका बंद घड्याळासाठी? पण घड्याळ हे नुसतं निमित्त असतं हो. एक म्हणत होती, माझी आई खोटं बोलली नाही. दुसरा म्हणत होता, माझे वडील खोटं बोलले नाहीत. त्यातून चतुर्थीला येणं-जाणं थांबलं, भाऊबीज थांबली. दोघांनीही सत्तरी कधीच ओलांडलेली, आणि एकमेकांची खबर घ्यायची ती मामीच्या फोनवरून.

या मार्चमध्ये मामा-मामींचं पर्वरीला मुलाच्या फ्लॅटवर राहायला जायचं ठरलं. सामानाची वाटणी सुरू झाली. तेव्हा मामीनंच मला फोन केला, “उल्का, तुका ह्यातला कळता. तू येवन एकदा बघ आणि सांग कोणाचां तां. दोघांनी कबूल केलानी. तू सांगशीत तां मान्य.”

माझी काय अवस्था झाली असेल! एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला सासूचा भाऊ, मध्ये मी आणि माझा स्क्रूड्रायव्हर. पण खरं सांगू? मला आतून उकळ्या फुटत होत्या. इतकी वर्षं ज्या घड्याळाबद्दल नुसतं ऐकलं ते उघडायला मिळणार होतं!

रविवारी सकाळी मी आणि आई गाडीनं पेडण्याला पोचलो. मामींनी आल्या आल्या गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणि भाजी पुढं केली. भाऊ-बहीण एकमेकांकडे न बघता बसले. घड्याळ मामांनी आधीच खाली उतरवून मोठ्या मेजावर ठेवलं होतं, जनेलाजवळ, खिडकीच्या चांगल्या उजेडात.

“सून तुझी,” मामा भिंतीकडे बघत म्हणाले. “ती तुझ्याच बाजूक बोलतली.”

“माझ्या बाजूक ती घरात सुद्धा बोलणा नाय,” आई म्हणाल्या. “हंय काय बोलतली?”

मी हसू दाबलं. उंड्यांच्या डब्याला टेकवून फोन उभा केला आणि व्हिडिओ चालू केला. उद्या कुणी म्हणायला नको की सुनेनं काहीतरी लपवलं.

अशा घड्याळात काय कुठं असतं ते सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. मशीन मधोमध, स्क्रूंनी पेटीला जोडलेलं. पेटीच्या दोन बाजूंना दोन छोटे भाते, प्रत्येकाच्या डोक्यावर एक शिट्टी. मशीन तारेनं हे भाते उचलून सोडतं, हवा शिट्टीतून जाते — पहिल्याचा ‘कु’, दुसऱ्याचा ‘कू’. पेटीला आतून एक गोल वळवलेली तार असते, तिच्यावर मशीनची हातोडी पडली की टोल वाजतो. म्हणजे भाते, शिट्ट्या, तार सगळं पेटीत. पण त्यांना हलवणारं, बडवणारं जे काही आहे ते मशीनमध्ये. मशीन काढलं की उरतं ते नुसतं खोकं.

मी काटे काढले, साखळ्या सोडवल्या, तारा बाजूला केल्या, स्क्रू काढले आणि मशीन अलगद बाहेर घेऊन मेजावर ठेवलं. हातोडी त्याच्याबरोबर आली. मागची फळी परत लावून पेटी भिंतीला टेकवून उभी केली. पक्ष्याचं दार बंद होतं, वर तारेची कडी घातलेली.

मागच्या प्लेटवर काळ्या तेलाचा थर होता. कापसावर स्पिरिट घेऊन मी पुसत गेले. एक अक्षर दिसलं... मग दुसरं... मी कोपर मेजावर टेकलं आणि कापूस बदलला.

वेस्ट जर्मनी.

स्वच्छ! काल कोरल्यासारखं!

मी दोनदा वाचलं. मग सांगून टाकलं. हे मशीन युद्धानंतरचं आहे, आणि आईंच्या आईचं लग्न त्याच्या आधीचं. आजोबांनी लग्नात दिलेलं असणं शक्य नाही.

मामांनी मेजावर थाप मारली. “बघितलंस, बाय? बघितलंस मगे? बाबान हाडल्यान! मी काय सांगी होतंय?”

आई खुर्चीतून उठल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना. जिंकायला आलेली बाई नव्हती ती. आपल्या आईचा शब्द खोटा ठरताना बघत होती. त्यांनी पर्स उचलली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “चल गो उल्का. जावया.”

“चाय तरी घेवन जावा,” मामी दारात आडव्या आल्या.

“नको.”

मी हत्यारं आवरायला घेतली. हरल्यासारखं मलाच वाटत होतं.

आणि तेवढ्यात —

ठण्ण! कु-कू.

मोठ्यानं. घुमून. त्या रिकाम्या पेटीतून!

कुणी हललं नाही. मामांचा थाप मारलेला हात मेजावर तसाच राहिला. मशीन माझ्या पुढ्यात पडलं होतं, चाकं स्तब्ध, हातोडी माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर.

“तू हात लावलंस?” मामांनी विचारलं.

“कशाला लावू? मशीन इथं आहे!”

आई दारातून परत आल्या होत्या. मी उठले, पेटी दोन्ही हातांनी उचलली. विचार काय करत होते? काहीच नाही! उंदीर असेल, पाल असेल... असलंच काहीतरी. मागची फळी उघडून मी उजवा हात आत घातला, डावा भाता चाचपला. त्याचं कातडं पार फाटलं होतं, माझं बोट आरपार गेलं. त्यात हवा राहणं अशक्य. आणि माझं बोट त्या भोकात असतानाच —

ठण्ण! कु-कू.

ते मी हातांनी अनुभवलं. टोलाची थरथर लाकडातून माझ्या तळव्यांत आली, कोपरापर्यंत गेली. भाता हलला नाही. शपथेवर सांगते, भाता जागचा हलला नाही! अंगावर सर्रकन काटा आला, पण भीतीचा म्हणू नका. लहानपणी जत्रेत पाळणा वर जाऊन थांबला की येतो ना, तसा. मी चक्क ओरडले, “मामी, टॉर्च द्या! टॉर्च!”

टॉर्च आत मारला. पाल नाही, उंदीर नाही. पण दुसरंच काहीतरी दिसलं.

पेटीच्या तळाला साखळ्या जायला भोकं असतात. ती होती. पण त्यांच्याच शेजारी आणखी भोकं होती, लाकडाचे खुंटे मारून बुजवलेली. आणि आतल्या चौकटीवर जुन्या स्क्रूंच्या खुणा होत्या, या मशीनच्या स्क्रूंपासून दूर, मोठ्या प्लेटीसाठी केलेल्या. भाते हातानं तासलेल्या लाकडाचे. या पेटीत पूर्वी दुसरं मशीन होतं! अधिक मोठं, अधिक जुनं. हे वेस्ट जर्मनीचं नंतर बसवलेलं!

मी एकेक गोष्ट टॉर्चच्या उजेडात दोघांना दाखवली. दोन म्हातारी डोकी पेटीच्या मागून आत वाकली, एकमेकांना चिकटून. केवढ्या वर्षांनी!

“म्हणजे पेटी आवशीची, आमच्या आईची?” आईंनी विचारलं.

“पेटी, भाते, सगळं आजोबांच्या काळातलं असू शकतं. मशीन तेवढं वडिलांनी बोटीवरून आणलेलं.”

मामा मागं सरकून बसले. मग त्यांचा आवाजच बदलला.

“बाबान ट्रंक उघडल्यान तेव्हा आत पितळ चकचकी होतां... तां माका अजून दिसता. आणि बाबा आवशीक म्हणालो, ‘घे, तुझां घड्याळ जितां केलंय.’ माका वाटला नवीन हाडल्यान, म्हणान तसो बोलता.” त्यांनी बहिणीकडे बघितलं. “तुझां म्हणालो गो तो, बाय. *तुझां* म्हणालो.”

आईंनी पर्स खाली ठेवली. “चाय टाक गो वयनी,” त्या मामीला म्हणाल्या, आणि भावाच्या शेजारच्या खुर्चीवर बसून डोळ्यांना पदर लावला. मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तो चहा येईपर्यंत काढला नाही.

आता विचार करा. तो आवाज आला नसता तर मी मशीन परत बसवून निघून आले असते. पेटी आतून बघितलीच नसती. आणि ही दोघं तशीच, न बोलता, एकेक करून गेली असती.

घरी येऊन व्हिडिओ लावला तेव्हा मनात धाकधूक होती. पण आहे! दोन्ही आवाज आहेत. चित्रात मशीन मेजावर दिसतंय, मामांची थाप ऐकू येते, आणि नंतर टोल आणि कोकू. मी तो ग्रुपवर टाकला. अर्ध्या लोकांनी लिहिलं, बाहेर कोकीळ ओरडला असेल. अहो, कोकीळ चढत जातो! कोकूचं घड्याळ उतरतं, आधी वरचा सूर, मग खालचा. आणि कोकीळ आधी टोल देतो का? उरलेल्यांनी लिहिलं, ताई, एडिटिंग छान जमलंय.

मामांनी घड्याळ डिचोलीला आणून दिलं तेव्हा पेटीवर मी सगळे प्रयोग करून बघितले. हलवली, ठोकली, आपटली, उन्हात ठेवली. तार आपोआप कंप पावते का बघितलं. फाटक्या भात्यातून फुस्स एवढाच आवाज निघतो.

मग मी घड्याळ दुरुस्त केलं. भात्यांना नवीन पातळ कातडं लावलं, मशीन धुऊन तेल दिलं. शिट्ट्यांना अजिबात हात लावला नाही, कारण सूर शिट्टी ठरवते, कातडं नाही. घड्याळ आता डिचोलीला आमच्या घरी आहे. आईंनी मामांना सांगितलं की दर रविवारी येऊन साखळ्यांची वजनं तूच वर ओढायची. ते येतात. पर्वरीहून बस बदलून येतात आणि जेवूनच जातात.

पहिल्यांदा ते चालू केलं तेव्हा दोघं समोर बसली होती. दार उघडलं, पक्षी वाकला, कु-कू. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. दोघांनीही एकाच वेळी माना हलवल्या.

“ह्यो तो आवाज न्हय,” आई म्हणाल्या.

“न्हय,” मामा म्हणाले. “त्या दिसाचो खालचो होतो. आमी ल्हान असताना वाजा तसो.”

मी फोनवर व्हिडिओ लावला, शेजारी घड्याळाचे काटे फिरवून पुन्हा वाजवलं. खरंच वेगळा आहे. व्हिडिओतला आवाज स्पष्ट खालच्या सुरात आहे, जाड, भरलेला. तीच पेटी, त्याच शिट्ट्या! ट्यूनरच्या ॲपवर मोजलं, तरी तेच. शिट्टी तीच असताना सूर कसा बदलेल? ग्रुपवरच्या जुन्या जाणत्यांनीही हेच विचारलं.

मी मामांना म्हटलं, मी शिट्ट्या खोलून बघते, कदाचित तो मूळ आवाज परत आणता येईल.

त्यांनी वजन वर ओढलं, लंबकाला बोटानं हलका धक्का दिला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “ऱ्हवांदे गो. आमका भांडताना बघून इल्लो तो. आता कित्याक येतलो?”