दोन पावसाळ्यांचा नियम

डोणगावात आमचं भांड्यांचं दुकान आहे. पुढे स्टील, कुकर, डबे, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत पितळ. मागचं पितळ विकायचं नाही, हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. लहानपणी लपाछपी खेळताना त्या खोलीतल्या एखाद्या घंगाळाला धक्का लागला, की बाबा गादीवरून ओरडत, "लोकाईचं हाय ते!" आमच्या घरातलं काही फुटलं तरी ते एवढे ओरडत नसत.

ते लोकांचं होतं तर आमच्या खोलीत काय करत होतं, हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

बहात्तरच्या दुष्काळात दुकानावर आजोबा बसत. बाबा नुकतेच त्यांच्या हाताखाली आले होते. घराघरातून भांडी यायला लागली. आधी समया, तांबे, पराती आणि शेवटी गुंड. गुंड म्हणजे आमच्याकडचा पाणी भरायचा मोठा पितळी हंडा. लेकीला लग्नात आंदण म्हणून देतात, आणि त्यावर तिचं नाव टाकतात. विहिरी आटल्या होत्या, त्यामुळे गुंडांना घरात कामही उरलं नव्हतं. आजोबांनी कोणत्याही व्यापाऱ्यानं केलं असतं तेच केलं. मोडीच्या भावानं भांडी घेतली आणि माल साचला की भट्टीला पाठवला. रोख पैसे दिले, कुणाला काट्यात मारलं नाही. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मग पाऊस झाला. ज्वारी घरात आली आणि बायका दुकानाची पायरी चढायला लागल्या. त्यांना नवं भांडं नको होतं, आपलं हवं होतं. आमच्याच आळीतली एकजण पदराला पैसे बांधून आली. भरलेला गुंड डोक्यावर घ्यायला लागते ती कापडाची चुंबळही तिनं सोबत आणली होती. आजोबा म्हणाले, "माय, ते त कवाच वितळलं." ती पायरीवर बसली, चुंबळ उलगडली, पुन्हा गुंडाळली आणि घरी गेली. पुढे दुकानासमोरून जाताना ती मान फिरवून जायची. तिनं शिव्या दिल्या असत्या तर आजोबा विसरले असते. ती फिरवलेली मान काही ते मरेपर्यंत विसरले नाहीत.

त्या बाईमुळे आमच्या दुकानाला नियम लागला. वाईट काळात आलेलं पितळ दोन पावसाळे भट्टीला पाठवायचं नाही. पैसे मोडीच्या भावाच्या निम्मेच द्यायचे, म्हणजे माणसाला ते परत आणून देणं जड जात नाही. व्याज घ्यायचं नाही. लिहून ठेवायची गरज नव्हती, नाव भांड्यावरच असे. पुढे जेव्हा जेव्हा पावसानं दगा दिला, तेव्हा हा नियम कामी आला. मी शाळेत असताना त्या बायका स्वतः पाहिल्या आहेत. खोलीतून भांडं बाहेर आलं की त्या आधी नावावरून बोट फिरवत, मग हसत. बाबा चहा मागवत. असा दिवस आमच्याकडे सणासारखा जाई. पंचक्रोशीत आमच्या दुकानाचं नाव निघतं ते यावरूनच.

मी मेहकरला कॉलेजात इतिहास घेतला, तेव्हा बाबांना फार हसू आलं होतं. "पुस्तकातून काय शिकतं बे इतिहास! आमी पायरीवर शिकलो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मी लग्न केलं नाही, त्यामुळे त्यांच्याशी भांडायला घरातच राहिले. गादीवर ते, काट्यावर मी, अशी आमची वाटणी झाली.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही शटर अर्धं पाडून आत बसायचो. आठवडी बाजार बंद होता. भाजी शेतातच सडत होती, कुणी वांगी जनावरांपुढे टाकत होतं. अशात एका दुपारी एक बाई दिराच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. मांडीवर गुंड धरलेला. तिला आम्ही ओळखत होतो. बाजारात आमच्या दुकानासमोरच ती भाजी घेऊन बसायची, मला हक्कानं कोथिंबिरीची जुडी जास्त द्यायची. तोंडाला पदर बांधलेला, त्यामुळे फक्त डोळे दिसत होते. ती शटरखालून वाकून आत आली आणि गुंड सरळ काट्याजवळ ठेवला.

"काका, जोखा. मालक मेहकरच्या दवाखान्यात हायत. पैसे भराचे हायत आजच."

बाबांनी गुंड जवळ ओढला आणि नाव वाचलं. "आंदणाचा हाय न व माय हा?"

"हाव. मायनं देल्ला." मग तिनं घाईनं पुढचं सांगितलं. "पन मले परत नाही पाह्यजे काका. तुमचा नियम ठाव हाय मले. मले मोडीतच देऊ द्या. पूरा भाव द्या."

बाबा हसले. त्यांचं ते हसू मला अजून दिसतं. त्यात काहीही वाईट नव्हतं, हेच तर दुःख आहे. ते म्हणाले, "आज असंच वाटते. सगळ्याईलेच वाटते. पाऊसपानी झाल्यावर पस्तावशीन. मायची निशानी हाय. मी काई तुले ते मोडू देत नाही."

मी म्हटलं, "बाबा, ती म्हनून राह्यली न नोको म्हनून. द्या तिले पूरा भाव."

"तू गप बस. तुले काय ठाव हाय? त्या बाईले म्या पाह्यलं, चुंबळ घेऊन बसलेली."

ती बाई आमच्या दोघांकडे पाहत राहिली. तिनं पुन्हा एकदा म्हटलं, "काका, आयका न." बाबांनी निम्मे पैसे मोजून तिच्या हातात ठेवले, वरून "काळजी नोको करू, दोन पावसाळे काय, पाच पावसाळे ठेवतो" असं सांगितलं, आणि गुंड उचलून मागच्या खोलीत नेला. बाहेर दीर गाडीचा हॉर्न वाजवत होता. तिनं पैसे मुठीत धरले. तिच्याकडे भांडायला वेळ नव्हता. ती वाकून शटरखालून निघून गेली.

त्या संध्याकाळी मी बाबांशी जेवताना बोलले नाही. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. उलट ते खुशीत होते. आपण एका बाईला मोठ्या चुकीतून वाचवलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

थोड्याच दिवसांत कळलं की तिचा नवरा गेला. बाबा फार हळहळले. मेहकरला अंत्यविधीला फक्त दिराला जाऊ दिलं, घरी कुणी भेटायला जायचं नाही, असले ते दिवस. बाबांनी मागच्या खोलीत जाऊन तो गुंड चिंच लावून घासला आणि कापडात गुंडाळून ठेवला. म्हणाले, "तिच्यापासून काई घ्याचं नाही. आली की तसाच द्याचा."

पण ती आली नाही. त्या वर्षी भांडी ठेवून गेलेल्यांपैकी जवळजवळ कुणीच आलं नाही. पाऊस तर बरा झाला होता. बाबा पायरीकडे बघत बसायचे. दुष्काळ संपतो तेव्हा ते सगळ्यांना एकाच दिवशी कळतं, नाल्याला पाणी येतं, पोरं ते बघायला धावतात. हे जे आलं होतं, ते संपल्याचं कुणाला कधी कळलंच नाही. कुणाचं माणूस गेलं होतं, कुणी पुण्याला कंपनीत लागून तिकडेच राहिलं होतं, आणि घराघरात पाण्याला प्लॅस्टिकची टाकी आली होती. दोन पावसाळे झाले, तिसराही झाला. नियमाप्रमाणे माल भट्टीला जायला हवा होता. बाबांनी पाठवला नाही. मी विषय काढला की म्हणत, "येतीन. लोक आपलं विसरत नाहीत." खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती आणि पुढच्या दुकानात गिऱ्हाईक कमी होत होतं, कारण कुकरसुद्धा लोक मोबाईलवर मागवायला लागले. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की मी उगाच काटा पुसत बसायची.

गेल्या वर्षी, पेरण्या आटोपल्यावर, बाजाराच्या दिवशी ती आली. चालत आली. अंगानं खंगली होती, पण तिचं दुकान पुन्हा समोर लागत होतं, हे मला माहीत होतं. का कुणास ठाऊक, आमच्या पायरीकडे मात्र ती कधी बघत नसे. बाबांनी तिला पायरी चढताना पाहिलं आणि ते गादीवरून इतक्या लगबगीनं उठले की मला वाटलं पडतील. मागच्या खोलीत गेले, कापड सोडत सोडत गुंड घेऊन बाहेर आले. पितळ लखलखत होतं. त्यांचा चेहराही तसाच झाला होता.

"घे व माय. एक पैसा देऊ नोको. लेकीच्या लग्नात देशीन."

तिनं गुंडाकडे पाहिलं. नावावरून बोट फिरवलं नाही. दोन्ही हातांनी उचलून तो माझ्या समोर काट्यावर ठेवला.

"जोखा," ती म्हणाली. "मोडीत द्याचा हाय. ठिबकच्या नळ्या घ्याच्या हायत, वांगे लावले."

बाबांच्या तोंडातून आपोआप निघालं, "असं म्हनू नोको माय, पस्तावशी..." आणि तिनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. दमलेलं माणूस पाहतं तसं.

"काका, तवाबी तुमी असंच म्हनलं. तुमी देल्ले ते पुरले नाहीत. म्हनून मी इठूनच अमडापूरले गेली, भावाकडे, बाकीचे आनाले. त्याच्याजवळबी नव्हते, त्यानं गावात फिरून जमवले. मले रात लागली. मालक खिडकीतून दिसत व्हते मले, सकाळी निघाली तवा. हात केला व्हता त्याईनं. दुसऱ्या दिवशी परत आली त बिस्तरा रिकामा व्हता."

दुकानात आणखी कुणी नव्हतं. बाहेर बाजाराचा गलका चालू होता, कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं. बाबा उभे होते ते हळूच गादीच्या कडेला बसले. पूर्ण पैसे मिळाले असते तर तो वाचला असता असं ती म्हणाली नाही, आणि मीही म्हणत नाही. पैसे भरूनही माणसं गेली त्या दिवसांत. पण ती त्या खिडकीशी राहिली असती, एवढं खरं.

"तुमी वाईट नाही काका," ती म्हणाली. "तुमाले वाटलं मी परत येईन. पन मी त सांगतच व्हती."

मी रडत होते आणि काट्यावरचे आकडे मला दिसत नव्हते. बाबांनी मला हातानं बाजूला केलं. स्वतः वाकून वजन वाचलं, मोठ्यानं सांगितलं, दुकानात सांगायची रीत आहे तसं. मग आजचा भाव सांगितला. सगळे पैसे तिच्यापुढे ठेवले.

"मागचे कापून घ्या," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ते ऐकणार नाहीत. त्यांचा हात पैशांवर थांबला. ओठ हलले. मग त्यांनी मागचे पैसे मोजून वेगळे केले, गल्ल्यात टाकले आणि उरलेले तिला दिले. तिनं ते पदराला बांधले आणि समोर आपल्या भाजीपाशी जाऊन बसली.

गुंड दिवसभर काट्यावरच राहिला. संध्याकाळी शटर पाडताना मी विचारलं, "मागं ठेवू का बाबा? दोन पावसाळे?"

"नोको," ते म्हणाले. "तिनं मोडीत देल्ला. आता त आयकू तिचं."

सकाळी भट्टीचा टेम्पो आला. बाबांना आता जड उचलवत नाही, पण गुंडाला त्यांनी मला हात लावू दिला नाही. तो छातीशी धरून ते पायऱ्या उतरले आणि तिच्या नावाची बाजू वर येईल असा टेम्पोत ठेवला.