गार्डसाहेब गेम शिकतात

गार्डसाहेब कुणाच्याही पुढे चालत नसत. वरात असो की मयत, ते आपले शेवटी. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात जन्म काढलेला माणूस; रिटायर होऊन आमच्या पूर्णा जंक्शनलाच राहिले तरी सवय सुटली नाही. "गाडी पुरी आली का न्हाई, ते मागच्यालाच कळतं," म्हणायचे. त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. आमच्या गल्लीत शेवटी चालायला कुणी उरलेलं नाही.

माझं स्टेशन रोडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. एके दिवशी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तो बंदुकीचा गेम असतो की, चौघं मिळून खेळायचा. तो शिकव मला."

"नातवासाठी का?"

"नातू न्हाई अजून. मलाच."

सत्तरीला टेकलेला माणूस! मी मनात म्हटलं, झालं, डोक्यावर परिणाम झाला.

शिकवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं होतं. विमानातून बेटावर उडी मारायची, घरांत शिरून बंदुका गोळा करायच्या आणि समोर येईल त्याला मारायचं, एवढा साधा खेळ. साहेब दारातच उभे. "घर कुनाचं हाय?" मी म्हणायचो, "कुणाचंच नाही, शिरा बिनधास्त." "मग इचारायचं कुनाला?" समोरून शत्रू आला की मी ओरडायचो, "मारा, मारा!" तर हे शांतपणे, "त्यानं आपलं काय केलंय?" तेवढ्यात तो ह्यांना मारून मोकळा. साहेब रोज मरायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "चल, दुसरी गाडी."

एकदा चहा घेता घेता खरं कारण निघालं. पोरानं पुण्यात स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं आणि हे हट्टानं गेले नव्हते. तेव्हा पोरानं फोनवर सांगितलं, यापुढं माझ्याशी बोलू नका. त्याला तीन वर्षं झाली होती. सूनबाईच चोरून फोन करायच्या. त्यांच्याकडूनच कळलं, की नवरा रोज संध्याकाळी हा गेम खेळतो.

"बोलू नका म्हणलाय," साहेब बशीत चहा ओतत म्हणाले, "खेळू नका कुठं म्हणलाय?"

मी उगीच एक मोबाइल उघडायला घेतला. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

ज्या सुनेच्या लग्नाला गेले नाहीत, तिनंच जमवून दिलं. "माझे एक काका आहेत, नवशिके आहेत, टीममध्ये घ्या," असं नवऱ्याला सांगितलं. मग रोज संध्याकाळी साहेब माझ्या दुकानात ताठ बसायचे. स्पीकर चालू, माइक बंद. पोराचा आवाज ऐकायचे. तो पुढे पळायचा, हे मागे. तो जखमी झाला की जाऊन मलमपट्टी करायची आणि पुन्हा मागे उभं राहायचं. "काका, पुढं या की जरा!" तो वैतागायचा. "काका म्हणायलाय बघ," असं मला सांगून साहेब हसायचे. ते हसणं मला बघवायचं नाही.

त्या खेळात जीपही असते. एका संध्याकाळी टीममधले बाकीचे दोघे मेले. पोरानं कुठून तरी जीप आणली आणि म्हणाला, "बसा काका, लवकर!" साहेब बसेनात. जीपच्या मागे गेले, सगळं ठाकठीक आहे का बघितलं आणि हात हलवायचं बटण दाबलं. गार्ड ड्रायव्हरला झेंडी दाखवतो, तसा पडद्यावरच्या त्यांच्या माणसानं हात दाखवला. मग चढले.

जीप थोडी पुढे गेली आणि उघड्या माळावर थांबली. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेलं पोर ते; बापाची झेंडी ओळखली त्यानं.

"आण्णा?"

साहेबांनी अंगठा पडद्यावरून उचलला. मी म्हटलं, "अहो, बोला की!" त्यांनी मान हलवली. "बोलू नका म्हणलाय तो."

जीपचा हॉर्न एकदा वाजला. मग तिकडून अगदी बारीक आवाज आला, "आण्णा, बोला."

माइक मीच चालू केला. साहेबांनी घसा खाकरला. तीन वर्षांनी बाप लेकाशी बोलला, तो असा: "जीप थांबवू नको बाबा. मागून गोळ्या यायल्यात."

दोघंही तिथंच मेले. खेळ संपला, पण माइक कुणीच बंद करेना. मी बाहेर येऊन शटर अर्धं ओढलं आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगत उभा राहिलो, आज दुकान बंद आहे.