भावजयीनं घेतलेलं नाव

सन पन्नासनंतरची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाच्या बायकोच्या पोटात गाठ झाली. ती बीजकोशाच्या कॅन्सरची निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी पोट चिरून ती काढली आणि आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे. कसचं काय! वर्ष सरलं नाही तोच तिचं डोकं ठणकू लागलं, चालताना तोल जाऊ लागला, हातातला पाण्याचा गडवा सुटू लागला. भाऊ पुलगावच्या गिरणीत कामाला होता. त्यानं रजा टाकली आणि आम्ही तिघं पुन्हा नागपूरच्या गाडीत बसलो.

तिथले मोठे डॉक्टर परमुलखातले होते. रोग मेंदूत गेला, म्हणाले. डोक्याला एक्सरेचा शेक दिला तर काही महिने आराम पडेल, पण बाई भानावर असेल तरच. मेंदूच गेला असेल तर उगाच हाल कशाला? मग त्यांनी तिला गाव विचारलं. तिनं सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिनं पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. पुन्हा विचारलं, तरी गप्प. हिला घरी न्या, म्हणाले. भाऊ निमूट उठलासुद्धा! माझं टाळकंच सटकलं.

"डॉक्टरसाहेब, आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाई. तिले सारं समजते," मी म्हणाले आणि तिच्याकडे वळले, "उखाण्यात घे वं."

तिनं लग्नातला उखाणा घेतला. सबंध, एक शब्द न चुकता, शेवटी भावाचं नाव घालून. वर तशा दुखण्यात लाजलीही. डॉक्टर हसले आणि शेक सुरू झाला.

केस गळाले, पण डोकं ठणकायचं राहिलं. घरी येऊन तिनं भाकरी थापल्या, माझं वरण खारट म्हणून माझ्याशी भांडली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

कापूस वेचून होत आला होता. एका दुपारी भाऊ पाळीवरून येऊन अंगणात पाय धूत होता. खाटेवरून तिनं त्याला नावानं हाक मारली. उखाणा नाही, डोक्यावर पदर नाही. लहान भावाला बोलवावं तशी, शेजारी ऐकू जाईल एवढ्यानं. भाऊ आधी हसला. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून असं नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तिनं परत तशीच हाक मारली, तेव्हा त्याचं हसू गेलं. ओल्या पायांनीच तो माझ्याजवळ आला.

"बाई, आता तिले नागपूरले नाई नेत मी," तो म्हणाला.