खाली कोणी नाही

अठरा वर्षे टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसून ज्याने लोखंड, विटा आणि ओले काँक्रीट हवेतून इकडचे तिकडे केले, त्या क्रेनवाल्याला भीतीने गाठले ते त्याचा पगार वाढल्यावर. तोवर वादळी वाऱ्यात शिडी चढतानाही त्याच्या पोटात कधी गोळा आला नव्हता. उलट वर गेल्यावर त्याला जास्तच भूक लागते, अशी तक्रार त्याची बायको शेजारणींकडे करत असे.

ही विद्या त्याने नुसती बघून उचललेली नव्हती. तरुणपणी तो भारे बांधणारा साधा कामगार होता. दिवसा काम आणि संध्याकाळी वर्ग असे करत त्याने क्रेनचालकाचे रीतसर प्रशिक्षण पुरे केले आणि लेखी, प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा एका दमात काढल्या. ठेकेदाराने त्याचे प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले.

"छान आहे. भिंतीला लाव. पगार मात्र सगळ्यांना मिळतो तोच."

सगळ्यांना म्हणजे वाळू चाळणाऱ्याला, भिंतींवर पाणी मारणाऱ्याला आणि दहा मजल्यांच्या वर एकट्याने बसणाऱ्याला एकाच मापाने. क्रेनवाला दर वर्षी वाढ मागायला जाई आणि 'ही इमारत उरकू दे, मग बोलू' हे ऐकून परत येई. इमारती उरकत गेल्या; बोलणे तेवढे राहिले.

या साऱ्या काळात जमिनीवरचे त्याचे डोळे म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मध्ये भिंत आली की केबिनमधून हूक दिसेनासा होतो. मग खाली उभा असलेला सिग्नलमन वॉकी-टॉकीवर जे सांगेल तेवढेच चालकाचे जग. मेहुण्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असे, म्हणून साइटवर त्याचे नाव 'रेडिओ' पडले होते.

"या भावोजी, खाली, खाली... ताईने आज डब्यात काय दिलंय ते विचारू नका, तुम्हाला रडू येईल... खाली... अजून एक वीतभर... बास! टेकलं!"

क्रेनवाला वर हसे आणि पुढचा भार उचले.

मग दोन वस्त्या पलीकडे एका कंपनीने मोठे रुग्णालय बांधायला काढले. तिला प्रमाणपत्र असलेलाच चालक हवा होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पगाराचा आकडा सांगितला तेव्हा त्या आपल्यामागे बसलेल्या दुसऱ्याच कुणाशी बोलत आहेत असे वाटून क्रेनवाल्याने मान वळवून पाहिले. मागे फक्त पाण्याचा कूलर होता. आकडा त्याच्या पगाराच्या अडीचपट होता, शिवाय विमा.

"मॅडम, एवढा?"

"हा या कामाचा दर आहे. तुम्हाला आतापर्यंत किती मिळत होता?"

त्याने सांगितले. पेन खाली ठेवून बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की चोरी झालेल्या माणसाला चोर आपणच असल्यासारखे वाटावे.

"पहिले तीन महिने चाचणीचे," त्या मग म्हणाल्या. "नंतर कायम."

"माझा सिग्नलमन बरोबर आणला तर?"

"त्यांचा कोर्स झालाय?"

झालेला नव्हता. रेडिओकडे अनुभव होता आणि तोंड होते; कागद नव्हता. "जा हो भावोजी," तोच म्हणाला, "माझ्यापायी कशाला कपाळ फोडून घेता? फक्त तिकडे जाऊन साहेब होऊ नका, नाहीतर ताईला घरात 'सर' म्हणावं लागेल."

नव्या साइटवर सिग्नल देणारी बाई जाड चष्म्याची, पन्नाशीची आणि अतिशय मितभाषी होती. तिला सगळे मास्तरीण म्हणत. पहिला भार भिंतीआड गेला तेव्हा तिचा कोरडा आवाज आला, "खाली कोणी नाही. उतरवा." दुसऱ्या भाराला तेच. तिसऱ्याला पुन्हा तेच.

"बाई, हे दर वेळी सांगायलाच पाहिजे का?" क्रेनवाल्याने विचारले.

"मी हे बोलल्याशिवाय तुम्ही लीव्हरला हात लावायचा नाही. आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी बोलायचं नाही."

दुपारी सळ्यांचा भारा अर्ध्यावर असताना ती म्हणाली, "थांबा. खाली माणूस आहे." क्रेनवाल्याने भारा थांबवला आणि सवयीने कान पाडून शिव्यांची वाट पाहू लागला. जुन्या साइटवर क्रेन थांबली की ठेकेदार खालून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. इथे कुणीच काही बोलले नाही. भारा हवेत सावकाश स्वतःभोवती फिरत राहिला. बऱ्याच वेळाने आवाज आला, "प्लंबर होता. गेला. खाली कोणी नाही. उतरवा."

भारा उतरला आणि मग क्रेनवाल्याच्या डोक्यात तो विचार आला. रेडिओने इतक्या वर्षांत 'खाली माणूस आहे' असे एकदाही सांगितले नव्हते. पण जुन्या साइटवर भिंतीआडच्या त्या जागेत गवंडी, सुतार आणि पाणी वाहणाऱ्या बाया दिवसभर राबत असत. ती जागा रिकामी असायची तरी केव्हा? त्याच्या तळहातांना असा घाम सुटला, की लीव्हर हातातून निसटू लागला.

संध्याकाळी रेडिओ नेहमीप्रमाणे बहिणीकडे चहाला आला. क्रेनवाल्याने आडपडदा न ठेवता विचारले. रेडिओ आधी हसला, मग बशीत चहा ओतत राहिला.

"सांगितलं असतं तर तुम्ही भार सोडला असता का?"

"नसता सोडला."

"मग? क्रेन थांबली की ठेकेदार खालच्या सगळ्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापायचा. तीच माणसं मला म्हणायची, तू बोलू नकोस, आम्ही सरकतो. मी ओरडायचो, ते बाजूला व्हायचे."

"सगळे?"

"बहुतेक."

क्रेनवाल्याची बायको चहाचे पातेले हातात घेऊन तशीच उभी राहिली. "आणि तू कुठे उभा असायचास रे?" तिने भावाला विचारले.

"भाराजवळ. नाहीतर टेकलं की नाही, कळणार कसं?"

"आता वर कोण बसतंय?" क्रेनवाल्याने विचारले.

"मिक्सरवाला. दोन दिवसांत शिकला म्हणे. उजवं-डावं अजून थोडं गडबडतं." रेडिओने पुन्हा हसायचा प्रयत्न केला. "पगार मात्र तक्रार न करता घेतो. तुमचाच जुना."

त्या दिवसापासून क्रेनवाल्याचा जीव टांगणीला लागला. नव्या केबिनमधून, छपरांच्या आणि पाण्याच्या टाक्यांच्या पलीकडे, जुन्या क्रेनचा लांब हात दिसत असे. आपल्या हातांनी वळवताना तो कधी असा झटके खात नव्हता. तो हात हलला की क्रेनवाल्याचा श्वास अडे आणि थांबला की त्याहून वाईट वाटे. घरी तो मेहुण्याला काम सोड म्हणून विनवी. मेहुणा म्हणे, "मला कोण विचारतंय? आणि घरी चूल काय वॉकी-टॉकीवर पेटवू?"

एका दुपारी जुन्या क्रेनचा हात वळता वळता मध्येच थांबला. हुकाखालचा दोर सरळ लोंबकळायचा सोडून तिरका ताणला गेला होता, आणि आजूबाजूच्या परांच्यांवरची माणसे एकाच बाजूला धावत होती. क्रेनवाल्याच्या स्वतःच्या हुकाला त्या वेळी एक भलामोठा गर्डर होता.

"खाली कोणी नाही. उतरवा," मास्तरीण म्हणाली.

त्याचा हात उठेना. "बाई, मला जरा वेळ द्या."

"घ्या," ती म्हणाली. काय झाले, हे तिने विचारले नाही.

दातांवर दात दाबून त्याने गर्डर उतरवला आणि रेडिओला फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. चाचणीचे महिने अजून संपलेले नव्हते. भर कामातून उतरणाऱ्या चालकाला कोण कायम करील? शिडी उतरताना या एका विचाराने त्याचे पाय दोनदा थबकले, आणि आपण अशा वेळी पगाराचा विचार करतो आहोत, या शरमेने ते पुन्हा चालू झाले. साइट इंजिनिअरसमोर उभे राहून त्याने कसेबसे सांगितले. इंजिनिअर म्हणाला, "जा तुम्ही. अशा मनाने वर बसलात तर मला तुमचीही भीती वाटेल."

जुन्या साइटवर रेडिओ विटांच्या ढिगावर बसलेला दिसला. जिवंत होता. शर्ट खांद्यापासून कमरेपर्यंत फाटला होता, त्याखाली कातडी सोलवटली होती. फरशांचा भार त्याला घासून भिंतीवर आदळला होता. तो 'थांब' म्हणून ओरडला होता आणि मिक्सरवाल्याने घाबरून उलटाच लीव्हर ओढला होता. मिक्सरवाला शिडीच्या पायथ्याशी बसून ओकत होता. ठेकेदार फुटलेल्या फरशा मोजत होता.

क्रेनवाल्याला पाहून ठेकेदाराचा चेहरा उजळला. "बरा आलास! परत ये. तिकडे देतात तेवढाच देतो. अगदी तेवढाच. हे येरागबाळ्याचं काम नाही, कळलं मला."

ज्या शब्दांची त्याने वर्षानुवर्षे वाट पाहिली होती ते आज अंगणात पाणी शिंपडावे तसे पुढ्यात पडले होते. आणि क्रेनवाला डगमगला, हे खरे. आपण वर असलो तर निदान मेहुण्याच्या डोक्यावरचा हात तरी जाणता असेल. त्याने फक्त एक गोष्ट विचारली.

"खाली माणसं असली तर क्रेन थांबेल ना? कुणाची मजुरी न कापता?"

"अरे, आधी वर तर चढ," ठेकेदार म्हणाला. "बाकीचं काय, बघू."

क्रेनवाल्याने मेहुण्याच्या काखेत हात घालून त्याला उठवले आणि फाटकाकडे चालू लागला. मागून ठेकेदाराने आकडा आणखी वाढवला. तो ऐकू येऊनही दोघे थांबले नाहीत.

घरी बायकोने भावाच्या खांद्याला मलम लावता लावता निर्णय सुनावला. "उद्यापासून तिकडे पाऊल टाकलंस तर मला बहीण म्हणू नकोस. सिग्नलचा कोर्स कर. तोवर दोन्ही घरं यांच्या पगारात चालतील."

चालतील की नाही, हे क्रेनवाल्याला ठाऊक नव्हते. उद्या आपली जागा शिल्लक असेल की नाही, हेही नव्हते. पण त्याने मान डोलावली.

"लेखी परीक्षा असते का हो भावोजी?" रेडिओने विचारले.

"असते."

"आणि वर्गात सगळी पोरंसोरं असणार." त्याचा आवाज खाली गेला होता. लोंबकळत्या लोखंडाखाली आयुष्य काढलेल्या त्या माणसाच्या कपाळावर आता थेंब जमू लागले होते. "शाळा सोडल्यापासून मी सहीशिवाय काही लिहिलं नाहीये. नापास झालो तर?"

क्रेनवाल्याला हसू आले नाही. त्याने कपाटावरून आपली जुनी पुस्तके खाली काढली, वरची धूळ बाहीने पुसली आणि पहिले पान उघडून मेहुण्याच्या पुढ्यात ठेवले.

"वाच," तो म्हणाला. "मोठ्याने वाच. अडलास की मी आहे."